भट्टी विझू नये म्हणून

त्सुनेयो आत्याची कोळशाची भट्टी एकोणतीस वर्षांत कधी पुरती गार झाली नव्हती. एक खेप काढली की भिंती हाताला सोसवतील इतक्याच निवू द्यायच्या आणि लगेच दुसरी खेप आत रचायची. मातीचं छत थंड पडलं की तडकतं, हे तिला नवऱ्यानं शिकवलं होतं. तो गेला त्या दिवशी ती शोकाच्या काळ्या किमोनोच्या बाह्या बांधून त्याच्या प्रेताजवळून मधेच उठली आणि भट्टीचं तोंड लिंपून आली. पांढरा धूर निळा झाला होता, म्हणजे कोळसा तयार; तोंड तेव्हाच बंद केलं नाही तर त्याची राख होते, आणि निळा धूर कुणासाठी थांबत नाही. आमच्या तोचिसावा गावातले लोक बोलले. तिनं ऐकून घेतलं.

मी तिच्या भावाची मुलगी, तिच्याच घरात राहते. ती एकाहत्तर वर्षांची होती त्या हिवाळ्यात बर्फावर घसरून तिचं मनगट मोडलं. ओक तोडायचे ते हिवाळ्यातच, रस चढायच्या आधी. ते राहून गेलं. एप्रिलअखेर अंगणात दोन खेपांपुरतं लाकूड उरलं.

पलीकडच्या दरीत आदल्या उन्हाळ्यात ओक वाळले होते. ती झाडं रस्त्यावर कोसळतील अशी तिथल्या लोकांना धास्ती. हवी तेवढी न्या, म्हणाले. तिच्या नवऱ्याचा मित्र किहाची आपला छोटा ट्रक घेऊन आला.

"वहिनी, वाळकं लाकूड आहे. कोळसा हलका होईल."

"होऊ दे. भट्टीला दात नसतात, नुसतं पोट असतं."

चार फेऱ्या झाल्या. ओंडक्यांवर सुई टोचल्यासारखी भोकं होती. आत्यानं एकावर नख फिरवलं. "किडकं आहे," एवढंच म्हणाली. किडकं लाकूड आम्ही सगळ्यांनीच आयुष्यभर जाळलं होतं.

मनगट अजून दुखत होतं, काम रेंगाळलं. जूनच्या मध्यापर्यंत निम्मंच जळलं. एका उबदार सकाळी उरलेल्या ढिगावरून तपकिरी किडे उडताना मी पाहिले, तांदळाच्या दाण्याएवढे. आत्या आत भात खात होती. मी तिला हाक मारली नाही.

ऑगस्टमध्ये आमच्या गावच्या देवस्थानामागचा ओकांचा उतार तांबडा झाला. पानं लाल व्हायला अजून दोन महिने होते. बुंध्यांशी पिठासारखा भुसा साचला होता.

वनखात्याचा एक तरुण आला. त्यानं एक खोड कापून दाखवलं. आतलं लाकूड चहा सांडल्यासारखं डागाळलं होतं.

"या किड्याच्या मादीच्या पाठीवर बारीक खळगे असतात. त्यांतून ती बुरशी घेऊन येते. आत बोगदे खणून पिलांसाठी बुरशीची शेतीच करतात म्हणा ना. त्या बुरशीनं झाडात पाणी चढायचं थांबतं. पूर्वी कोळशासाठी ओक वीसेक वर्षांचे झाले की तुम्ही तोडायचात. आता कुणी तोडत नाही. किड्याला म्हातारी, जाड झाडं आवडतात."

"म्हणजे आमच्यासारखी," किहाची म्हणाला. सगळे हसले.

आत्या हसली नाही. "वाळलेलं लाकूड कुणी दुसऱ्या दरीत नेलं तर?"

"तर ते जूनच्या आत जाळायला हवं, आजी. नाहीतर किडे तिथूनच उडतात."

मी माझ्या बुटांकडे बघत राहिले.

गावच्या बैठकीला एकोणीस जण होते. आत्यानं चटईला कपाळ टेकलं. "मी आणलं," ती म्हणाली.

"उठा, वहिनी," किहाची ओरडला. "ट्रक माझा होता. आणि किड्यांना पंख आहेत. ते काय माझ्या ट्रकची वाट बघत बसले होते?"

"वाऱ्यानं आले असतील," कुणीतरी पुटपुटलं.

मागून एक म्हातारी म्हणाली, "भट्टीसाठी नवऱ्याचं प्रेत सोडून उठली ही. झाडांचं काय घेऊन बसलात!"

आत्याचं कपाळ चटईवरच होतं.

मेलेले ओक एक्केचाळीस. येत्या जूनच्या आत ते तोडून जाळले नाहीत, तर प्रत्येकातून हजारो किडे निघून उरलेल्या रानावर बसणार होते. वनखात्याची माणसं रस्त्यालगतची नऊ झाडं तेवढी तोडून गेली.

राहिलेली आत्यानं अंगावर घेतली. वाकडं जुळलेलं मनगट फडक्यानं आवळून ती नोव्हेंबरपासून करवत चालवत होती. बर्फ छातीपर्यंत चढल्यावर दोन महिने हात बांधून बसावं लागलं. मार्चमध्ये पुन्हा सुरू. किहाची ओंडके ओढायचा, मी फोडायची. एवढा कोळसा तिनं कधी काढला नव्हता, आणि इतका भुसभुशीतही.

मेमध्ये एक ओंडका घरंगळून किहाचीच्या पायावर आला. "आता मलाही भट्टीत रचा, वहिनी. मीही वाळकाच," गाडीत घालताना तो म्हणाला. आत्यानं त्याचा बूट सुरीनं कापून काढला.

त्यानंतर खालपर्यंत ओंडके आणायला माणूस उरला नाही. तोडलेलं आम्ही उतारावरच ढीग करून पेटवत गेलो. भट्टी गार पडली. छताला चीर गेल्याचं मी सांगितलं, तेव्हा आत्या करवतीला धार लावत होती. तिनं मान वर केली नाही.

जून लागला तेव्हा सहा झाडं उभी होती, सगळ्यात जाड; ती तोडून जाळायला आता वेळ नव्हता. आत्यानं बांबू चिरून सुयांसारख्या काड्या केल्या. किडे आतच कोंडावेत म्हणून एकेका भोकात काडी ठोकायची, मोडायची, पुढचं भोक. पहिल्या खोडावर वीतभर रुंदीच्या पट्ट्यात मी ऐंशी मोजली आणि मोजणं सोडून दिलं.

पाचव्या दिवशी आम्ही अजून सहांतल्या दुसऱ्या झाडाशीच होतो. आत्या शिडीवर होती. तिचा हात पोचत होता त्याच्याही वर भोकं होती. ऊन चढलं तसा तिथून भुसा गळायला लागला, तिच्या पांढऱ्या केसांवर, माझ्या तोंडावर. मग एक किडा बाहेर आला, सालीवर क्षणभर थांबला आणि उडाला. त्याच्यामागून दुसरा.

"आत्या," मी हाक मारली.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "काड्या दे."

मी मूठभर वर दिल्या.