नावाखालची कोरी जागा

नंदाने मला फसवले. अकरा वर्षे येवल्यात आम्ही दोघींनी मिळून पैठण्यांच्या मागण्या घेतल्या, विणकरांना रेशीम पुरवले, एकाच डब्यातले जेवलो. आणि त्यातले शेवटचे सहा महिने ती नाशिकच्या एका मोठ्या दुकानाशी बोलणी करत होती. मला ते एका विणकराच्या तोंडून कळले. माझा राग साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, पण त्या दिवशी तो आलाच नाही. थंडीत गार पाण्यात हात बुडवल्यावर बोटे काही वेळ आपली वाटत नाहीत, तसे काहीतरी झाले, आणि ते अजून ओसरलेले नाही.

नाशिकला जाताना ती संगणक ठेवून गेली. मार्गशीर्षातल्या एका सकाळी, टेबलावर तिरपे ऊन आले होते आणि लासलगावकडे गेलेल्या ट्रॅक्टरमागे कांद्याचा तिखट वास रेंगाळत होता, तेव्हा रंगाऱ्याला द्यायची यादी मी पहिल्यांदा स्वतः छापली. साड्या एकोणीस, आणि पाने निघाली सात. प्रत्येक नावाखाली चार बोटे कोरी जागा. शेवटची दोन पाने तर नुसती पांढरी, यंत्राच्या उबेने कोमट. हे तिचेच काम, मला वाटले. दुसऱ्याच्या कागदावर ऐसपैस.

ती जागा काढायला मी बसले. ओळींची उंची एकेक करून वर ओढली, उजवीकडचा रिकामा रकाना पुसला, यादी संपल्यावर फार खाली एका चौकटीत चुकून पडलेला ठिपका सापडला, ज्याच्यापायी दोन पाने वाया जात होती, तोही काढला. मग सगळे एका पानावर बसवले. दुपारपर्यंत साताचे एक झाले. भाव पाडल्यावर जे समाधान वाटते तसे काही वाटेल म्हणून मी थांबून राहिले. ऊन टेबलावरून उतरून गेले.

त्याच टेबलाच्या खणात एका लिफाफ्यात रेशमाचा एक दोरा होता. एका बाईने दिवंगत आईच्या विरलेल्या पैठणीतून तो उसवून दिला होता. लेकीच्या लग्नात तिला तोच रंग हवा होता. यादीत तिच्या नावापुढे मी लिहिले, ‘वांगी’, आणि लिफाफा जपून खणातच ठेवला. यादी विणकराबरोबर धाडली. गंगाधरकाका रंगाऱ्यांकडे मी जात नाही. पूर्वी एकदा भाव करताना माझा आवाज फार चढला, तेव्हापासून तिकडे नंदाच जायची.

मी पाहिले तेव्हा त्या बाईची पैठणी मागावर वीतभर विणून झाली होती. रंग इतका गडद की जवळजवळ काळा. दोरा शेजारी धरला. त्यात उन्हातल्या वांग्याच्या सालीवर असते तशी लाली होती.

बऱ्याच वर्षांनी काकांच्या अंगणात पाऊल टाकले. बांबूवर ओल्या लडी ठिबकत होत्या, गरम रेशमाचा उग्र वास होता.

“दोरा नाय लावला तुम्ही,” काका म्हणाले. “नंदाताई दर नावाखाली चिकटवून आणायच्या. वांगी म्हंजे कोणती वांगी, ताई? बाजारात चार टोपल्या असत्यात.”

“मग विचारायचं होतं, काका.”

“विचारणार होतो.” त्यांनी निळे हात पंच्याला पुसले. “म्हटलं, चिडाल. सात कागदांचा एक केलाय, काटकसर चालली असंल.”

मी चिडले नाही. त्यांनाही त्याचे नवल वाटलेले दिसले.

नव्याने रंगवून, ताणा लावून विणायला लग्नाआधी वेळ नाही. सोमवारी ती बाई आईचा रंग पाहायला येणार आहे. मी जुनी सात पाने पुन्हा काढून पाहिली आहेत. एकोणीस नावे, आणि प्रत्येकाखाली चार बोटे जागा, एका दोऱ्याला पुरून उरेल एवढी. अकरा वर्षांत नंदाने मला एकदाही सांगितले नाही की ती कशासाठी आहे. मी विचारले असते तर तिने सांगितले असते का, हेही मला कळायला हवे. म्हणून सोमवारी तिने येवल्याला यावे, त्या बाईसमोर उभे राहावे आणि उत्तर द्यावे. मला ते देता येणार नाही; मला तिथे फक्त कागद दिसला होता.