डाव्या बाजूचं दार

त्याला सगळे बारा-तेरा म्हणत. खरं नाव त्याच्या मुलीला ठाऊक असेल आणि लाइटबिल टाकणाऱ्याला, बाकी कुणाला त्याची कधी गरज पडली नाही. शर्टाच्या खिशात कायम बारा-तेराचा पाना. झोपायला जाताना तेवढा काढून उशाशी ठेवायचा, माणसं चष्मा ठेवतात तसा. नवी गिऱ्हाइकं हसत, म्हणत, नावातच तेरा, आमच्या गाडीचे तीन तेरा नाही ना करणार? हा विनोद त्याने चाळीस वर्षांत इतक्यांदा ऐकला होता, की समोरच्याने तोंड उघडलं की हा आधीच मान हलवायचा.

पत्र्याची शेड, शेडमागे एक खोली, खोलीत एक कॉट. पूर्वी दोन होत्या. बायको गेल्यावर मुलगी आली, आठ दिवस राहिली आणि जाताना दुसरी कॉट कुणाला तरी देऊन टाकली; म्हणाली, बाबा, रिकामी बघून तुम्हाला त्रास होईल. आता तिथे फरशीवर चार पायांचे चार डाग आहेत, आणि हा बाबा अजून त्यांना वळसा घालूनच चालतो. काय म्हणावं!

बायको त्याच्याबरोबर कामावर जायची. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या उचलणं, जागच्या जागी दुरुस्त करणं, हा त्याचा धंदा. निळा डिझेल पिकअप, मागे अवजारं, उजवीकडे हा, डावीकडे ती. एकोणीस वर्षं. हा गाडीखाली शिरला की नुसता हात बाहेर काढायचा आणि ती हवा तोच पाना त्या हातात ठेवायची. ब्रेकमधली हवा काढताना ती पेडलवर आणि हा चाकाशी. हा म्हणायचा, "दाब." ती म्हणायची, "धरलं." हा म्हणायचा, "सोड." कधीकधी दिवसभरात दोघांत तेवढंच बोलणं व्हायचं, आणि तेवढ्यात भागायचं. शिवाय एक गोष्ट तो जन्मभर विसरत आला, ती म्हणजे इंजिनापासून केबिनला जाणारी काळी अर्थिंगची वायर. काम कुठलंही असो, शेवटी ती हळूच विचारायची, "काळी?" आणि हा कपाळावर हात मारून परत आत शिरायचा.

आता त्या दाराचं सांगतो. निळ्या पिकअपचं डाव्या बाजूचं दार आतून उघडत नसे. लॉकमधली पट्टी झिजलेली. काच चार बोटं खाली यायची आणि तिथेच रुसायची, म्हणजे हात बाहेर काढून उघडावं तर तेही नाही. ड्रायव्हरच्या बाजूने सरकावं तर मध्ये गियरचा दांडा, आणि तिचे गुडघे हे असे दुखरे. त्यामुळे गाडी थांबली की याने उतरायचं, बॉनेटवर हात टेकत पुढून वळसा घालायचा आणि बाहेरून दार उघडायचं. पंचक्रोशीतल्या गाड्यांची दारं दुरुस्त करणारा माणूस, आणि घरच्या गाडीला ही अवकळा! "उद्या करतो," असं तो पहिल्या वर्षी म्हणाला होता. पुढे म्हणणंही बंद झालं. ती सगळ्यांना हसत सांगायची, "यांच्या गाडीत बसलं की उतरणं आपल्या हातात नसतं."

आणि यालाही ते आवडायला लागलं. खरं सांगायचं तर त्याने तिच्यासाठी कधी काही आणलं नाही, कधी दोन गोड शब्द बोलला नाही. पण दिवसातून आठ-दहा वेळा तो तिच्यासाठी दार उघडायचा. ती गेल्यावर संसारातलं त्याला काही आठवायचं असलं, तर हेच आठवायचं.

एक किस्सा तो रंगवून सांगायचा. भर उन्हात एका ट्रकखाली तो असा गुंतला, की ती गाडीत बसलेली आहे हेच विसरला. दीड तास! बाहेर आला तेव्हा ती घामाने निथळत बसलेली. हॉर्न का नाही वाजवलास, तर म्हणाली, "तुम्ही खाली होतात. दचकून डोकं आपटलं असतं." हे सांगताना तो पोट धरून हसायचा. तीही हसायची.

तर अशी ही गाडी वार्षिक तपासणीला गेली. तपासनीस भला माणूस. त्याने चेसीवर, म्हणजे खालच्या मुख्य सांगाड्यावर, हातोडी मारली तर हातोडी आत गेली. दुसरीकडे मारली, तिथेही तेच. तो म्हणाला, "काका, ही गाडी तुमच्या शब्दाखातर उभी आहे, लोखंडावर नाही." महिनाअखेरपर्यंत मुदत. नंतर गाडी मोडीत, केबिनसकट.

चेसी गेली तर जाऊ दे, इंजिन गेलं तरी हरकत नाही. पण केबिन? डाव्या सीटचा फोम तिच्या बसण्याने दबलेला. रेक्झिन फाटलं तिथे तिने जाड दोऱ्याने घातलेले टाके. दाराच्या आतल्या बाजूला तिचं कोपर टेकून टेकून रंग उडालेला. समोरच्या खणात तिच्या तीन केसांच्या पिना. हे सगळं यंत्रात घालून दाबून टाकणार म्हणजे काय? मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, त्या पत्र्यासाठी कशाला जीव काढताय, इकडे या राहायला. तो म्हणाला, तुमच्या इमारतीत पार्किंग नाही. फोन तिथेच संपला.

उपाय त्याला ठाऊक होता. तशाच दुसऱ्या गाडीची चेसी आणायची आणि आपली केबिन तिच्यावर बसवायची. तशी गाडी सापडली कोंबडीवाल्याकडे. पांढरी, त्याच साच्यातली, इंजिन ठणठणीत, पण टपावर झाड पडून उजवी बाजू चेपलेली. ती विकत घेऊन त्याने ओढून शेडमध्ये आणली. नंबर असतो चेसीला, तेव्हा कागदोपत्री निळी गाडी मेली आणि पांढरी जगली असंच होणार होतं. बारा-तेराला कागदाचं सोयरसुतक नव्हतं.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. केबिन उतरवणं एकट्याचं काम नाही. एकाने चेनपुली ओढायची, दुसऱ्याने केबिन धरून वाट दाखवायची. आजवर तो दुसरा माणूस कोण, हा प्रश्नच पडला नव्हता. त्याने ओळखीपाळखीची माणसं मनातल्या मनात मोजली. गिऱ्हाइकं पुष्कळ निघाली. ज्याला "उद्या सकाळी ये" म्हणता येईल असं एकही निघेना. दोन दिवस तो दोन गाड्यांच्या मध्ये स्टूल टाकून नुसता बसून होता.

तिसऱ्या दिवशी कोंबडीवालाच आला, पांढऱ्या गाडीत राहिलेली छत्री न्यायला. चाळिशीचा गडी, तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की कोंबड्या झोपल्यावरच थांबणारा. स्टूलावरचं हे ध्यान बघून म्हणाला, काका, एकटेच करणार? हा म्हणाला, हो. तो म्हणाला, कसं? कोंबडीवाल्याने छत्री खिळ्याला अडकवली आणि बाह्या वर सारल्या.

दोघांनी आधी बॉनेट, मडगार्ड आणि दोन्ही गाड्यांची मिळून चारही दारं उतरवली. वजन कमी होतं. दारं भिंतीशी गोणपाटावर निजवली, निळं डावं दार पांढऱ्या डाव्या दाराशेजारी. मग स्टिअरिंगचा दांडा सोडला, ब्रेक आणि क्लचचे पाइप, वायरी, गियरचा दांडा. शेवटी केबिनला धरून ठेवणारे सहा बोल्ट. पाच सुटले. सहाव्याने, तिच्या पायाखालच्याने, नाकी नऊ आणले. तापवला, ठोकला, शिव्या खाल्ल्या, मग निघाला. कोंबडीवाला एकीकडे सांगत होता, कुठली कोंबडी कशी रुसते, कुठली मनात अढी धरते. बारा-तेरा हूं हूं करत होता. खरं म्हणजे त्याला ते बरं वाटत होतं, पण कबूल कोण करणार?

केबिन साखळीवर चढली. वीतभर, हातभर, आणि एकदम तिरकी झाली. साखळी करकरली. कोंबडीवाला बोलता बोलता थांबला. बारा-तेराने खाली वाकून बघितलं. काळी वायर ताणली गेली होती, आता तुटते की मग. तो तसाच वाकून उभा राहिला. कुणी विचारलंच नव्हतं. त्याने खिशातून पाना काढला, वायर सोडली, आणि बराच वेळ तोंड वर केलं नाही. कोंबडीवाल्याला वाटलं, कंबर धरली.

निळी केबिन उंच ठोकळ्यांवर टेकवून दोघांनी तिच्याखालची जुनी चेसी बाहेर ओढली. मग पांढरीची चेपलेली केबिन उतरवून तिची चेसी निळ्या केबिनखाली ढकलली. दुसऱ्या दिवशी निळी केबिन तिच्यावर अलगद बसली. सहाच्या सहा भोकं जुळली. एकाच साच्यातली लेकरं ती, जुळणारच. मग ब्रेकमधली हवा काढायची वेळ आली. कोंबडीवाला पेडलवर बसला, हा चाकाशी.

"दाब," बारा-तेरा म्हणाला.

"दाबलं काका, चांगलं दाबलं, पण एक सांगू का, आमच्या मामाची गाडी होती ना..."

"धरलं म्हणायचं," बारा-तेरा चाकाआडून म्हणाला. "नुसतं धरलं म्हणा."

कोंबडीवाला त्यानंतर नुसतं "धरलं" म्हणत राहिला, बिचारा.

तीन चाकं झाली आणि ब्रेकचं तेल संपलं. बारा-तेरा डबा घेऊन दुकानाकडे निघाला. जाताना म्हणाला, तोवर दारं बसवून ठेवा, निळी, निळीच बसवा. दुकान लांब, त्यात दुकानदार जेवायला गेलेला. तासाभराने तो परतला तर दारं बसवून झाली होती. त्याने डाव्या दाराच्या आत बघितलं. कोपराची उडालेल्या रंगाची जागा होती तिथेच होती. त्याच्या जिवात जीव आला.

चौथं चाक झालं. किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. कोंबडीवाला तिच्या जागी येऊन बसला. बारा-तेराला ते रुचलं नाही, पण त्याला मागे अवजारांत बसा असं कुठल्या तोंडाने सांगणार? वजनकाट्यापर्यंत जाऊन आले. केबिनमधून साधा खडखड आवाजसुद्धा नाही. बारा-तेराने डोळे रस्त्यावर ठेवले आणि डावीकडे अजिबात बघितलं नाही. शेजारी कुणीतरी बसलंय एवढंच कळत होतं, आणि तेवढं त्याला पुष्कळ होतं. वाटेत तो चक्क शीळ घालायला लागला. ती गेल्यापासून, दोन वर्षांत पहिल्यांदा.

शेडशी येऊन त्याने इंजिन बंद केलं, उतरला, बॉनेटवर हात टेकत पुढून वळसा घातला. पाय आपोआप निघाले होते. दार दोन पावलांवर राहिलं आणि आतून खट् आवाज झाला. दार उघडलं. कोंबडीवाला खाली उतरला आणि तोंडभर हसला.

"तुम्ही तेलाला गेलात ना, तेव्हा बघितलं. लॉक पार गेलेलं. माझ्या दाराचं चांगलं होतं, ते काढून टाकलं तुमच्यात. अर्ध्या तासाचं काम होतं, काका."

बारा-तेराचा हात अजून पुढे होता. तो त्याने मागे घेतला आणि पँटला पुसला.

"बरं केलंत," तो म्हणाला.

कोंबडीवाला छत्री घेऊन गेला. जाताना म्हणाला, येत जाईन अधूनमधून. माणूस चांगला होता, त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता, मग शेडमध्ये फक्त तापलेलं इंजिन निवताना टिकटिक करत राहिलं.

जुनं लॉक टेबलावर होतं, पुसून, कागदावर मांडून ठेवलेलं. बारा-तेराने ते उचललं. परत बसवता येणार होतं. अर्ध्या तासाचं काम. लॉक आणि पाना घेऊन तो डाव्या बाजूने गाडीत चढला आणि दार ओढून घेतलं.

त्या सीटवर तो कधी बसलाच नव्हता. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. फोमच्या खळग्यात तो नीट मावला नाही. समोरच्या काचेतून एक गिऱ्हाइकाचा ट्रक दिसत होता, आणि ट्रकखालून बाहेर आलेलं त्याचं निजायचं गोणपाट. काम चालू असतं तर इथून त्याचे दोन पाय दिसले असते. तेवढंच दिसलं असतं. उन्हात काच तापली होती आणि आत श्वास जड होत होता. दीड तास, तो मनात म्हणाला. या किश्श्यात हसण्यासारखं काय होतं, ते त्याला आठवेना.

लॉक मांडीवर ठेवून तो बसून राहिला. आतलं हँडल हाताशी होतं. त्याने ते ओढलं नाही. ऊन सरकत भिंतीवरून पत्र्यावर गेलं. मागच्या बाजूने कुणी येईना, पुढून वळसा घालून कुणी येईना. येणार तरी कोण होतं? फार वेळ झाल्यावर त्याने हँडल ओढलं.

दार लगेच उघडलं.