मुकी झालेली बंडी

मंडळी, आज गाविलगडाच्या पायथ्याशी एका खेड्यात बैलबंडी दुरुस्त करून आलो. सध्या कापसाले सोन्याचा भाव, अकोल्याच्या वाटेवर बंड्याच बंड्या. या बंडीची चाकं लई कुरकुरत होती. मी आखाले भरपूर वंगण लावलं. आवाज बंद!

मालक खूश. त्याची बायको मात्र भडकली, "काहून मुकी केली आमची बंडी? शिवेवर कुरकुर ऐकली का मी तवा ठेवतो. आता येवढ्या बंड्यांत आमची कशी ओळखू?"

मले माही माय आठवली. तीही बाबाची बंडी आवाजावरून ओळखे. बाबा गेल्यावरही रस्त्यावर बंडी वाजली, का तिचा हात तव्याकडं जाये.

मी बंडीची एक खुंटी ढिल्ली केली. मालकानं हाकलताच बंडी करकरली. बाई घरातूनच बोलली, "हां, हे आमची!"

तुमच्या घरी कोणाच्या आवाजावर तवा चढे?