शर्यतीत मोडलेला अबोला

काल लेकीच्या शाळेची वर्षअखेरची सहल होती. बागेत पालकांची तीन पायांची शर्यत लागली आणि मला माझ्या शाळेची सहल आठवली.

तेव्हा आईबाबांचा अबोला होता. "तुझ्या बाबांना सांग, पान वाढलंय," असे निरोप मीच पोचवायचो. सहलीत बाईंनी रुमालाने दोघांचे पाय एकत्र बांधले. मी लाजून सुरूच्या झाडामागे लपलो. डोकावलो, तर दोघं वाळक्या काड्यांत पडलेली. आई बाबांच्या कानात काहीतरी बोलली आणि बाबा पोट धरून हसले. अबोला तिथेच संपला.

लपलो नसतो तर मलाही ऐकू आलं असतं, ही बोच अजून आहे. काल आईला विचारलंच, "काय म्हणाली होतीस?"

बाबा शेजारीच बसले होते.

"तुझ्या बाबांना सांग," आई म्हणाली, "तोंड उघडलंत तर पुन्हा अबोला."