हेडमास्तरांचे मासे बंद

मी आमच्या वाडीतली पहिली ग्रॅज्युएट. हे वाक्य तेव्हा मी दिवसातून तीनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायची, आणि आजही ऐकवायला मला लाज वाटत नाही. वडील होडीवर, काका होडीवर, आई मासे विकणारी, आणि मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. २००१ साली निकाल लागला तेव्हा वडिलांनी गुणपत्रिका उलटीसुलटी करून पाहिली. मागची बाजू कोरी बघून ते जरा नाराज झाले. मग त्यांनी ती देवाच्या फळीवर ठेवली. नोकरी मात्र माझ्यासाठी कुणी कुठे ठेवलेली नव्हती. तेव्हा रिकाम्या पदवीधराने जे करावं तेच मी केलं. आईचा धंदा सुधारायला घेतला.

आईचा धंदा साधा होता. पहाटे मालवणच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की मासे घ्यायचे. पाटीत बर्फाचा थर, त्यावर माशांचा, परत बर्फ, वरून ओलं गोणपाट. पाटी एस.टी.च्या टपावर चढवायची आणि कसालचा बाजार गाठायचा. वीसेक वर्षं हेच चाललेलं. एवढ्या वर्षांत तिच्या माशांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण तिने सूक्ष्मजीवशास्त्राचा पेपर दिलेला नव्हता ना! मी दिला होता.

त्यात पेपरात बातमी आली, की माशांसाठीचा बर्फ कुठे कुठे घाण पाण्याचा असतो. झालं. मी त्या दिवसापासून बर्फाला शत्रू मानलं. गोणपाटाकडे तर बघवेना. मी झाकणाचा एक निळा प्लास्टिकचा टब आणला, पाणी उकळून गार केलं, आणि ऑक्टोबरातल्या एका बाजाराच्या दिवशी त्या पाण्याने एकेक बांगडा असा धुतला, जशी काही त्याची मुंजच होती.

आई बघत उभी होती. म्हणाली, "आणि बर्फ?"

"बर्फात जंतू असतात, आये."

"बरा," ती म्हणाली, आणि टब टपावर गेला.

ऑक्टोबरचं ऊन, टपाचा पत्रा आणि वर घट्ट झाकण. मी खाली खिडकीशी बसून वारा खात होते आणि स्वच्छतेच्या विचाराने मला भरून येत होतं. बाजारातही टब उन्हातच राहिला, कारण सावलीची जागा आईने मला बसायला दिली होती.

सकाळचं गिऱ्हाईक बांगडे घेऊन गेलं. बाराच्या सुमारास नेहमीप्रमाणे हेडमास्तर आले. निवृत्त होते, पण चालताना अजूनही वर्गाची तपासणी चालू असल्यासारखे चालायचे. त्यांचा नेम ठरलेला: पूजा, पेपर, मग बांगडे. ते पंधरा वर्षं आईकडूनच घेत आले होते. त्यांनी टबात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वा! हल्ली मासेसुद्धा आंघोळ करून यायला लागले."

मी म्हटलं, "मी धुतलेत, सर. उकळलेल्या पाण्याने."

"शिक्षणाचा उपयोग दिसतोय," असं म्हणत त्यांनी सहा बांगडे घेतले. मला ती थट्टा वाटलीच नाही. मी ते प्रशस्तिपत्रक समजून घरी नेलं.

पुढच्या बाजाराला हेडमास्तर आले नाहीत. त्यांच्या पत्नी आल्या. आईसमोर उभ्या राहिल्या आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सुरुवात केली, "गो, त्या दिवशी माझो उपास, ह्ये एकटेच जेवले आणि अर्ध्या तासात ह्येंचा तोंड लालबुंद! अंगभर गांधी, डोक्यात घणाचे घाव, छाती धडधडता. उचलून डॉक्टराकडे नेलो."

आईचा हात कोयत्यावरच थांबला. आजूबाजूच्या मासेवाल्या गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या म्हणजे परिस्थिती फारच गंभीर.

"डॉक्टर म्हणतत, तुझो दोष नाय. ह्येंच्या अंगाकच मासो सोसणा नाय. ॲलर्जी. आता मासे बंद. जल्मभर."

ते शेवटचं ऐकल्यावर बाजारात जी हळहळ झाली, ती मी काही माणसं गेल्यावरही ऐकलेली नाही. एकीने पदर डोळ्याला लावला. दुसरी म्हणाली, "आणि माणूस चांगलो हो!" जसे हेडमास्तर वारलेच होते. बाईंनी एक दुधी आणि पाव किलो पडवळ घेतलं आणि मासळीच्या रांगेकडे न बघता निघून गेल्या.

आमच्यावर मात्र काही ठपका आला नाही. उलट डॉक्टरांनीच आम्हाला निर्दोष सोडलं होतं. मी लगेच आईला ॲलर्जी म्हणजे काय ते समजावून सांगितलं, रंगात येऊन, हातवारे करत.

पण आईच्या शेजारी बसणारी भाजीवाली मध्येच म्हणाली, "माका पण गो, त्याच दिवशी पित्त उठला. तुझे उरलेले दोन बांगडे खाल्लंय आणि अंग असा फुलला! आमसुलाचा पाणी चोळलंय, मगे उतरला." आणि तिने सांगितलं म्हणून कळलं, की आमचा एक बांगडा एका रिक्षावाल्याकडेही गेला होता. त्याचंही तोंड लाल झालं, आणि त्याच्या बायकोने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली.

एकाला ॲलर्जी, एकीला पित्त, एकाला दृष्ट. तिघांनीही एकाच टबातले, शेवटचे बांगडे खाल्ले होते. रसायनशास्त्राची पदवी नसलेल्या माणसालाही इथे शंका आली असती. मला ती यायला तीन आठवडे लागले.

आली तीही माझ्या हुशारीने नाही. एका नोकरीच्या परीक्षेसाठी मी जुनी वही काढली आणि समोर पान आलं: हिस्टिडीन, पाच मार्कांची टीप. मी ती कॉलेजात अशी घोकली होती, की झोपेत विचारलं तरी सांगितली असती. फक्त जागेपणी कधी आठवली नव्हती.

प्रथिनं ही अमिनो आम्लांची माळ धरली, तर हिस्टिडीन हा त्यातला एक मणी. शरीराचं आम्ल कमीजास्त झालं की हा मणी ते झेलतो आणि वेळ आली की सोडतो. शरीरात असते तेवढ्या सौम्य आम्लतेत बाकीच्या मण्यांना हे जमत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनात लोहाला धरून बसायचं कामही त्याचंच. वाढत्या मुलांना तो जेवणातूनच मिळावा लागतो, आणि तोंडाने खाता न येणाऱ्या रोग्याला शिरेतून जे अन्न देतात त्यातही तो घालतात. एकूण सज्जन. आता बांगडा आणि कुपा, म्हणजे ट्यूना, हे जन्मभर पळणारे मासे. पळून पळून स्नायूत आम्ल साचतं, ते झेलायला त्यांच्या मांसात हिस्टिडीन सुटंच भरलेलं असतं. पापलेटाला एवढी घाई नसते, म्हणून त्याच्यात कमी.

इथवर मला पाचपैकी चार मार्क होते. शेवटचं वाक्य मात्र मी तेव्हा नुसतं लिहिलं होतं, आता पहिल्यांदा वाचलं. मासा मेल्यावर उबेत राहिला, तर जंतू त्या हिस्टिडीनचा एक तुकडा तोडतात आणि उरतं ते हिस्टामीन. ॲलर्जीत आपलं शरीर जे सोडतं, तेच हे. म्हणून लक्षणं हुबेहूब तीच. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, आणि माशाला वास येईलच असंही नाही. ते होऊ द्यायचं नसेल तर उपाय एकच: मासा पाण्याबाहेर आल्यापासून थंड ठेवायचा.

म्हणजे बर्फ. जो मी जंतूंच्या भीतीने काढून टाकला होता. आणि ते जंतू तर माशाच्या कल्ल्यांत न् आतड्यांत आरामात बसले होते. माझं उकळलेलं पाणी त्यांच्यापर्यंत पोचलंसुद्धा नव्हतं.

हेडमास्तरांना ॲलर्जी नव्हतीच. त्यांना मी झाले होते.

आता गप्प बसण्यात आमची सोय होती. डॉक्टरांनी आईचं नाव स्वच्छ ठेवलं होतं, माझी पदवी देवाच्या फळीवर शाबूत होती. जायचं ते फक्त एका म्हाताऱ्या माणसाचं जेवण. मी दोन दिवस स्वतःला सांगून पाहिलं, की दुधी पौष्टिक असतो. तिसऱ्या दिवशी आईला सगळं सांगितलं.

ती कोळंबी सोलत होती. "तुझा ता हिस्टिडीन माका म्हायत नाय," ती म्हणाली. "बर्फ घातलो नाय, ह्या म्हायत होता."

"मग बोललीस का नाही?"

"तू शिकलंस ना. माका वाटला, तुका म्हायत असतला."

मला कॉलेजात कुणी इतकं झोंबणारं बोललं नव्हतं. आणि ती टोमणा मारत नव्हती, हे आणखी वाईट.

"सांगितलं तर बाजार काय म्हणेल?"

"म्हणांदेत. मास्तर दुधी खाऊन मरतलो, त्याच्यापेक्षा बरा."

मी कसालला गेले. हेडमास्तर ओटीवर बसले होते, चेहरा पडवळासारखा. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही, मग विचारलं, "उन्हात राहिल्याने झालं म्हणतेस. पुरावा?"

"तिघांना झालं, सर. तिघांनी शेवटचे खाल्ले. सकाळी नेलेल्यांना विचारून आले, त्यांच्यापैकी कुणाला काही नाही."

"हं. निरीक्षण बरं आहे. उशिरा केलंस."

आतून बाईंचा आवाज आला, "म्हणजे तीन आठवडे मी दुध्ये किसतंय ते फुकट? आणि ही धुतलेले बांगडे घेऊन आम्हांकच मारूक निघाली होती?"

हेडमास्तर मात्र चप्पल शोधत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कंपाउंडरने ऑपरेशन सुचवलं असावं. पण ऐकून घेतलं. म्हणाले, "तीन जणांना झालं हे मला त्या दिवशी कुणी बोललं नाही." खरं होतं. आमसूल आणि मिरच्या डॉक्टरला विचारून थोड्याच वापरतात! मग त्यांनी बजावलं, की घरी प्रयोग नको. "बर्फातला ताजा बांगडा घेऊन माझ्यासमोर बसायचं, एक तुकडा खायचा, इंजेक्शन मी भरून ठेवतो."

त्याप्रमाणे दोन दिवसांनी आईने बर्फातून काढून दिलेला बांगडा बाईंनी तळला आणि डबा दवाखान्यात आला. बाकड्यावरचे रोगी आपापली दुखणी विसरून डब्याकडे बघत होते. हेडमास्तरांनी एक तुकडा खाल्ला आणि घड्याळाकडे डोळे लावले. दहा मिनिटं. वीस. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. अर्धा तास झाला, तासही होत आला. चेहरा होता तसाच, जरा अधिक खूश.

डॉक्टर नाडी बघत असताना त्यांनी मोकळ्या हाताने दुसरा तुकडा उचलला.

"एकच म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये," हेडमास्तर म्हणाले आणि काटा काढून बाजूला ठेवला.

मी बाजारात पोचायच्या आत बाई तिथे पोचल्या होत्या, आणि आवाज त्यांचाच असल्यामुळे सगळ्यांना सगळं कळलं होतं. आईचा दोष नाही हे कळलं, आणि कुणाचा तेही. आई ताठ बसून बांगडे लावत होती. समोर एक बाई पाटीत वाकून बघत होती.

"ह्येंका तुझ्या चेडवान हात लावल्यान नाय मा?" तिने माझ्याकडे बघत विचारलं.

"नाय गो," आई म्हणाली. "ता फकत ग्रॅज्युएट आसा. मासे मीच बघतंय."