फ्रिजवरच्या तीन बाया

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. दारावरचं लिंबू काढून सरबतात पिळणारी बाई मी... आताही विश्वास आहे असं नाही. झालं तेवढंच लिहिते.

आम्ही दीपनगरच्या कॉलनीत राहतो. दिरांनी फ्रान्सहून फ्रिजला लावायचं एक मॅग्नेट आणलं होतं. त्यावर जुनं चित्र – कापणी झालेल्या शेतात तीन बाया वाकून दाणे वेचताहेत. गुळगुळीत छपाई, हाताला काहीच लागत नाही.

माझी माय तेव्हा सोनगीरहून आमच्याकडे आली होती. काचबिंदूने तिची दृष्टी केव्हाच गेलीय. त्या दिवशी सकाळी मी ओट्याशी भाजी चिरत होते. माय भिंत चाचपत आली, फ्रिजला हात लागला आणि ते मॅग्नेट तिच्या हातात आलं. ती त्यावर अंगठा फिरवत राहिली.

"तीन बाया शेतस," ती तिच्या अहिराणीत म्हणाली, तीन बाया आहेत म्हणून. "वाकेल शेतस. दाना येचतस."

मी सुरी खाली ठेवली.

"मधली आते उठाव नही."

"कोण उठणार नाही, माय?"

ती मॅग्नेट माझ्या हातात देऊन खुर्चीवर बसली.

माय धरून त्या तिघी बहिणी. जन्मभर एकाच ओळीत लोकांची कपाशी वेचली त्यांनी. दुपारी भावाचा फोन आला – मधली, कमलमावशी, सकाळी शेतात कापूस वेचताना गेली. वाकली, तशीच खाली बसली, पुन्हा उठलीच नाही.

मायला सांगितलं. ती रडली नाही. "चहा ठेव," म्हणाली. मी ठेवला. मलाही रडू आलं नाही... दूध उतू गेलं, ते पुसत बसले.

तेराव्यानंतर विचारलं, "माय, तुला चित्रातलं कसं कळलं?"

"तूच तं सांगं माले," ती शांतपणे म्हणाली. "तुना आवाज मी वळखाव नही का?"

मी तिला काही सांगितलं नव्हतं, बोललेच नव्हते. घरात दुसरं कुणी नव्हतं. नवरा म्हणतो, बोलली असशील, आठवत नसेल. असेलही. पण मावशीचं मला तरी कुठे माहीत होतं?

मॅग्नेट कपाटात ठेवलंय. टाकवत नाही. धाकट्या मावशीला रोज फोन करते. काय विचारायचं ते सुचत नाही... जेवलीस का विचारते, आणि ठेवते.