वानखेडेंचा हात

वानखेडे स्टिअरिंग धरताना डोळे मिटून घेत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात, रंगसुद्धा न दिलेल्या सांगाड्यावर बसवलेल्या सीटमध्ये, भर दुपारी डोळे मिटून बसलेला एक दणकट माणूस. मला वाटलं, नवा इंजिनिअर पहिल्याच दिवशी झोपला. मी तसं बोललेही. डोळे न उघडता ते म्हणाले, "झोपलो नाही मॅडम, वळण चालू आहे. ऐसा है, रस्ता डोळ्यांना दिसतो, पण कळतो हाताला."

आम्ही मॉलमधल्या गेम झोनची मशीनं बनवतो. उत्पादन आणि डिलिव्हरी माझ्याकडे, म्हणजे सगळ्यांशी भांडण माझ्याकडे. घरी टीव्हीला कन्सोल जोडून खेळायचा, छोट्या कार्ट गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम तेव्हा आम्ही मॉलसाठी तयार करत होतो. मालकांच्या मते काम सोपं होतं. तोच गेम मोठ्या पडद्यावर लावायचा, खाली सीट जोडायची, झालं. वानखेडेंनी पहिल्याच मीटिंगमध्ये त्यातली हवा काढली. "घरी माणूस सोफ्यावर लोळून अंगठ्यानं खेळतो. हरला तर पुन्हा खेळतो, आई जेवायला बोलावेपर्यंत. इथे अख्खा माणूस येऊन बसतो अन् मागे रांग उभी असते. त्याला शिकवायला वेळ कोणाकडे आहे भिया? बसला की चालवता आलं पाहिजे."

मग त्यांनी बटणं कापली, एकच ठेवलं. लांबलचक ट्रॅक आखूड केले. पहिलं वळण इतकं सोपं केलं की प्रोग्रॅमिंग करणारी नेहा वैतागली. "सर, हे तर माझी आजीपण घेईल." ते म्हणाले, "तर आण ना आजीला. तिचं तिकीट मी काढतो."

पण त्यांचा खरा जीव स्टिअरिंगमध्ये होता. त्याच्यामागे एक मोटर असते. गाडी वळताना ती उलटा जोर लावते, म्हणून खेळणाऱ्याला रस्त्यावर असल्यासारखं वाटतं. जोर किती, हे नेहा कॉम्प्युटरवर ठरवायची, पण शेवटचा शब्द वानखेडेंच्या हाताचा. ते डोळे मिटत, एक फेरी मारत आणि निकाल देत. आम्ही कोणी दुसऱ्या हाताला कधी विचारलंच नाही. गरजच वाटली नाही. त्यांचे वडील फौजेत सुभेदार होते, घर महूला. वानखेडेंचा पंजाही असा की हस्तांदोलन केलं की माझी बोटं दुखत.

काही महिन्यांनी तो निकाल एकाच बाजूला जाऊ लागला. "जड लागून राहिलंय, थोडं हलकं कर." नेहा हलकं करायची. आठवडाभरानं पुन्हा, "अजून जड आहे गं." आम्हाला वाटलं, लहान मुलांचा विचार करतायत. त्याच सुमारास ते महूहून स्कूटर सोडून बसनं येऊ लागले; विचारलं तर म्हणायचे, क्लच खराब आहे. खायच्या शेवेचं पाकीट स्वतः न फोडता नेहासमोर सरकवायचे. मी हे सगळं पाहत होते आणि माझ्या डोक्यात फक्त डिलिव्हरीची तारीख होती.

मग मॉलचा माणूस नमुना बघायला आला. बसला, स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळ भिंतीवर. पुन्हा तेच. "मोटर लगी भी है इसमें?" तो हसत म्हणाला. "ये तो पंखे का रेगुलेटर है."

वानखेडेंचा चेहरा उतरला. "जड आहे अजून," म्हणत ते स्वतः बसले. या वेळी मी पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहिलं. साधं वळण घ्यायला त्यांचा अख्खा खांदा फिरत होता. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस बसून गेलं होतं.

पाहुणा गेल्यावर मी सरळ सांगितलं, "वानखेडेजी, स्टिअरिंग जड नाही. डॉक्टरांना हात दाखवा."

त्यांनी आपलाच तळवा समोर धरून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे तराजूचा काटाच खोटा होता."

डॉक्टरांनी जे सांगितलं ते सुधारण्यातलं नव्हतं. स्नायूंना चालवणाऱ्या नसा वाळत होत्या. आधी हात, मग पाय, पुढे गिळणं आणि श्वास. रेखावहिनींनी, त्यांच्या पत्नीनं, मला हे फोनवर सांगितलं. मी म्हटलं, त्यांना आता घरीच राहू द्या. चौथ्या दिवशी वहिनीच त्यांना रिक्षातून घेऊन आल्या.

"मशीन अर्धं सोडून घरी बसून काय करू? भिंत बघू?" ते म्हणाले. "मॅडम, या, बसा सीटवर. डोळे मिटा."

"मी? मला गाडीसुद्धा नीट चालवता येत नाही."

"म्हणूनच. रांगेत उभी राहणारी बाई तुम्हीच आहात."

मी बसले. ते शेजारी खुर्चीत. "काय वाटलं?" "बरं वाटलं." "बरं नका सांगू. ओढतंय का ढकलतंय?" मला काही कळेना. ते चिडत, मी उलट चिडे. नेहा जोर वाढवत गेली, मी फेऱ्या मारत गेले. एक दिवस एका वळणावर मी आपोआप म्हणाले, "इथे सुटतंय हातातून." वानखेडे खुर्चीत सरसावून बसले. "अब आया ना मजा! तुमचा हात भांडतो मॅडम. चांगला आहे." तोवर त्यांना चहाचा पेला वहिनी पाजत होत्या. मशीन पुरं होईपर्यंत त्यांचा आवाज टिकेल की नाही, एवढीच आता मला भीती होती. हातांचा प्रश्न संपला होता.

आवाज टिकला. मॉलमध्ये मशीन लागलं तेव्हा आम्ही त्यांना चाकाच्या खुर्चीतून नेलं आणि उचलून सीटवर बसवलं. वहिनींनी त्यांचे हात स्टिअरिंगवर ठेवले. नेहानं मला न विचारता जोर जवळजवळ काढूनच टाकला होता. त्यांनी डोळे मिटले. गाडी भिंतींना घासत, सगळ्यांच्या मागून, कशीबशी शेवटच्या रेषेपलीकडे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हलकं कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

नेहा रडायला लागली.

"रडू नकोस. परत जड कर. लोक थांबलेत."

मी शेवटचं महूला गेले तेव्हा शब्द फार थोडे उरले होते. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यात काही वजनच नव्हतं. त्यांनी सवयीनं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं, एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "मॅडम... आज... भांडत नाही तुम्ही."

पुढच्या आठवड्यात ते गेले.

आता कारखान्यातून मशीन निघण्याआधी मी सीटवर बसते, डोळे मिटते, एक फेरी मारते. मग उठते आणि नेहाला बसवते. माझ्या एकटीच्या हातावर मशीन जाऊ देत नाही. कधी ती म्हणते, "ताई, मला तर ठीक वाटतंय," आणि मला जड लागलेलं असतं. अशा वेळी ती आधी माझ्या हाताकडे बघते. मीही बघते. मग आम्ही तिसऱ्या कोणाला तरी हाक मारतो.